पाचवा नंबर

आमच्या घरातला मोबाइलचा प्लॅन बदलायचं ठरलं, तेव्हा ते काम आपसूक आत्यांकडे गेलं. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. त्यांनी लग्न केलं नाही. आई गेलेली भावाची दोन पोरं वाढवली आणि त्यातच केस पांढरे केले. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. तारांशी त्यांचं नातं इतकं जुनं की घरात कुणाचा चार्जर हरवला तरी आधी आत्यांनाच विचारायचं.

फोन पाच होते. नवऱ्याचा, माझा, लेकीचा, दुसऱ्या शहरात राहूनही बिलात अजून आमच्यातच असलेल्या धाकट्या दीरांचा आणि आत्यांचा. शिवाय एक टॅब. टॅब नावाला लेकीच्या अभ्यासाचा, पण सकाळी साडेपाच ते सात तो आत्यांचा आणि माझा. आम्ही दोघी स्वयंपाकघरात आवाज बारीक ठेवून कीर्तन ऐकायचो. बुवांनी सूर धरला की आत्यांच्या हातातली सुरी भाजीवर तशीच थांबायची. एकदा बुवा रंगात येऊन म्हणाले, भक्ताला दुसऱ्यांदा हाक मारायला लागली तर तो देव कसला! माझ्या अंगावर काटा आला. आत्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आमची सुपरवायझर हेच सांगायची. दुसरी घंटा व्हायच्या आत उचला."

तर प्लॅन. आधीचे आमचे फोन कंपनीकडून हप्त्यावर घेतलेले होते, त्यामुळे ते त्याच कंपनीला बांधलेले. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की तोंड फिरवायचे. हप्ते संपले आणि नवऱ्यानं जाहीर केलं, की आता फोन मोकळे घ्यायचे, अनलॉक, आणि प्लॅन जिथं स्वस्त तिथला. आत्यांनी चौकटीची वही काढली. तीन आठवडे चार कंपन्यांच्या कस्टमर केअरला धारेवर धरलं. तिकडची मुलगी 'जरा थांबा' म्हणून गाणं लावून गेली, की परत आल्यावर तिला ऐकवायच्या, "बाळा, गाणं लावून पळून जायचं नसतं. दर मिनिटाला येऊन सांगायचं, मी आहे अजून, थांबा."

"आत्याआजी, ती मुलगी नाही, मशीन आहे," लेक हसून सांगायची.

"मग मशीनला कुणीतरी वळण लावायला नको?"

नवे फोन आले. ते खरंच अनलॉक आहेत का, हे बघायला आत्या शेजारपाजारच्या तीन घरांतून तीन कंपन्यांची सिमं उसनी घेऊन आल्या आणि प्रत्येक फोनमध्ये घालून त्यांनी मला अंगणात, मागच्या खोलीत आणि न्हाणीघरात उभं करून बोलायला लावलं. त्यातला एक फोन माझा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि नवऱ्याचा किंवा दिरांचा जुना नाही असा पहिला फोन माझ्या हातात आला. मी त्याच्यावरचं प्लास्टिक आठ दिवस काढलं नव्हतं. ही गोष्ट मी उगाच सांगत नाहीये.

शेवटी वहीत एका आकड्याभोवती लाल गोल आला. चौघांचा प्लॅन. चार नंबर, सगळ्यांत वाटून घ्यायचा डेटा आणि टॅबचं सिम फुकट. पाचवा नंबर घ्यायचा तर मात्र पुढच्या पायरीचा प्लॅन, आणि ती पायरी चांगलीच उंच होती.

"मग?" नवऱ्यानं विचारलं.

"मग काय, चौघं तुम्ही. माझा नंबर मी वेगळा नेते. साधं प्रीपेड, सगळ्यांत स्वस्त. मला लागतंय काय? दिवसाला एक फोन येतो."

तो एक फोन दुपारी चारला यायचा.

आत्या नोकरीत होत्या तेव्हा बाहेरगावचे कॉल एका एक्स्चेंजमधून दुसऱ्या एक्स्चेंजला मागून घ्यायचे असत. सात नंबरची लाइन इकडे आत्यांच्या बोर्डावर आणि तिकडे दुसऱ्या गावात एका बाईंच्या बोर्डावर. पहिल्या दिवशी आत्या म्हणाल्या, 'तिकडच्या सात, मला एक नंबर हवाय.' पलीकडून उत्तर आलं, 'मी इकडची. तिकडची तू.' तेव्हापासून दोघी एकमेकींना 'तिकडची' म्हणत. सव्वीस वर्षं रोज आठ तास कानात एकमेकींचा आवाज, आणि प्रत्यक्ष भेट दोनदाच. त्यातली एक युनियनच्या मोर्चात, गर्दीत, पाच मिनिटं. आत्या हसून सांगायच्या, "तोंड बघून ओळखलीच नाही मी तिला. म्हटलं, बाई, जरा पाठ करून बोल, म्हणजे खात्री पटेल."

दोघींचा एक नियम होता. खरं तर तो एक्स्चेंजचाच नियम. दोन माणसं बोलत असताना मध्ये जोडलेली दोरी कधीही तशीच ओढायची नाही. आधी लाइनवर जाऊन विचारायचं, 'बोलणं झालं का?' उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं. तीनदा विचारून मगच दोरी काढायची. "न विचारता दोरी ओढली तर त्या दिवसाचा पगार कापायचे," आत्या सांगायच्या. "आणि बरोबरच होतं. कुणाचं काय चाललेलं असतं, आपल्याला काय माहीत?"

निवृत्तीनंतर तिकडची दोन बसच्या अंतरावरच्या एका वृद्धाश्रमात आली. मुलगा लांब. आधी डोळे गेले, मग आठवण विरत चालली. सुनेचं नाव गेलं, सकाळी काय खाल्लं ते गेलं. आत्यांचा नंबर तेवढा बोटांत राहिला. व्हरांड्याच्या टोकाला बटणांचा फोन होता. ड्यूटी संपायची वेळ, म्हणजे चार वाजले, की ती भिंत धरून तिथं जायची आणि बोटांनी चाचपत फोन लावायची. इकडे आत्या तीन पंचावन्नला खुर्चीत बसलेल्या. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत 'बोल गं तिकडचे'. मग वीस मिनिटं त्याच त्या गोष्टी आणि तेच हसणं. शेवटी आत्या विचारायच्या, 'बोलणं झालं का?' पलीकडून 'झालं, काढा' आलं की फोन खाली.

आत्यांच्या वहीत लाल गोलाच्या खाली चार ओळी होत्या. आधी चौघांचे नंबर नव्या कंपनीत हलवणे. सोमवारी प्रीपेडचं दुकान उघडलं की माझा, म्हणजे आत्यांचा, नंबर हलवणे. नंबर हलला की जुनं आपोआप बंद होतं. तोवर जुन्या खात्याला कुणीही हात लावू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

नवऱ्यानं वहीतला लाल गोल वाचला. रेघांपर्यंत तो गेला नाही.

शनिवारी संध्याकाळी आमचे चारही नंबर हलले. रविवारपासून जुन्या कंपनीचा नवा महिना सुरू होणार होता. फुकट एक महिना कशाला भरायचा, म्हणून नवऱ्यानं चहा पितापिता फोन करून खातंच बंद करून टाकलं. खातं त्याच्या नावावर होतं. मूळ नंबर आत्यांचा, घरातला सगळ्यांत जुना. पण फार पूर्वी कुटुंबाची सवलत मिळावी म्हणून त्यानंच 'आत्या, इथं एक सही कर' म्हणून तो आपल्या नावावर घेतला होता. मी भाजी परतत होते. तो फोनवर 'हो हो, जे काय उरलं असेल ते सगळं बंद करा' म्हणाला, तेही मी ऐकलं. उरलंय काय, हे माझ्या डोक्यात आलं होतं. खोटं कशाला बोलू? आलं होतं. पण वाटलं, त्यानं आत्यांना विचारलंच असेल.

रविवारी चारला आत्या खुर्चीत बसल्या. सव्वाचार झाले. फोन उलटसुलट करून बघितला, बंद करून चालू केला. वरच्या कोपऱ्यात जिथं रेघा असतात तिथं फुली होती.

"बाळ," त्यांनी हाक मारली. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला त्या अजून बाळ म्हणायच्या. "माझ्या नंबरचं काय केलंस?"

"काय केलं? अगं, तुझं प्रीपेड झालं ना?"

"सोमवारी होणार होतं. लिहिलं होतं मी."

"आई शप्पथ, मला वाटलं झालं." त्याला खरोखर वाईट वाटलं, तेवढ्यापुरतं. "उद्या दुकानात विचार, काहीतरी करतील ते. आणि हे बघ, टॅबला सिम आहे. तुझी कीर्तनं काही अडत नाहीत."

"टॅबवर फोन येतो?"

"फोन नाही येत. बाकी सगळं येतं."

सोमवारी मी आत्यांबरोबर जुन्या कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस चांगला होता, चष्मा कपाळावर चढवून त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आजी, नंबर मिळेल परत. पंधरा दिवस राखून ठेवतो आम्ही. खातं पुन्हा चालू करायचं, एका महिन्याचे पैसे भरायचे, की तुम्ही तो नंबर हवा तिथं न्या. खातेदार तुम्हीच ना?"

"पुतण्या."

"मग त्यांना यावं लागेल. स्वतः, ओळखपत्र घेऊन."

"पैसे मी भरते. सहीपण मीच करते. नंबर माझाच आहे, सत्तावीस वर्षं."

"ते खरं आहे हो आजी. पण कागदावर तुम्ही नाही."

पर्समधून काढलेलं ओळखपत्र आत्यांनी परत आत ठेवलं, आणि पर्सची चेन दोनदा लावून बघितली.

घरी आल्यावर नवऱ्यानं आधी रक्कम विचारली. मग म्हणाला, "म्हणजे दोन महिन्यांची बचत गेली. आणि कशासाठी, तर एका बाईच्या एका फोनसाठी."

"पैसे आत्या देतायत," मी म्हटलं.

"आत्याचे पैसे काय वेगळे आहेत? घरातलेच ना? अगं आत्या, तिला तुझा नवा नंबर दे की."

"तिला नवीन काही राहत नाही आता."

"मग तू लाव तिला."

"तिथं बाहेरून लावलेला फोन ऑफिसात जातो."

"ऑफिसात सांग मग, बोलावतील तिला." त्यानं ते असं सांगितलं, जणू मागण्या करणाऱ्या आत्याच. "बरं, जाऊ. शनिवारी जाऊ आपण."

शनिवारी दीर आले. दोघं भाऊ नव्या फोनच्या कॅमेऱ्याने एकमेकांचे फोटो काढत बसले आणि दुकान बंद झालं. आत्या वही मांडीवर घेऊन दाराशी चपला घालून दीड तास बसल्या होत्या. दीर थट्टेनं म्हणाले, "आत्या, कुणाचा फोन यायचाय एवढा? मुलगा बघायला येणारे का?" सगळे हसले. मीही हसले.

आठवडाभर रात्री जेवताना आत्या एकच वाक्य बोलायच्या, "बाळ, आठ दिवस राहिले." मग सात. मग पाच. नवरा आधी 'हो' म्हणायचा, मग नुसती मान हलवायचा, आणि तीन राहिले तेव्हा त्याचा भडका उडाला. "तू काय बॉम्बचं घड्याळ आहेस का? मला दुकानात उभं राहायला अर्धा दिवस सुट्टी टाकावी लागते, कळतंय का? जन्मभर फोनला चिकटलीस, आता तरी सोड!"

त्यानंतर आत्यांनी दिवस मोजले नाहीत. मी मोजत होते. मनात अनेकदा आलं की म्हणावं, अहो, उद्या जाच. भांडावं. पण माझा नवा फोन त्याच बचतीच्या हिशेबात बसवलेला होता. 'बघ, तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य त्याच्या ओठावर तयार होतं, ते बाहेर पडायला नको होतं. मी रोज सकाळी आत्यांशेजारी बसून, देव कसा हाकेला धावतो ते डोळे मिटून ऐकत होते. आणि गप्प होते.

आत्यांनी आश्रमाच्या ऑफिसात फोन केला, तो माझ्याच फोनवरून. कारकून बाई म्हणाल्या, "आजी, आम्ही त्यांना नवा नंबर लिहून दिला, वाचूनही दाखवला. त्या म्हणतात, मला तिकडचीचा नंबर पाठ आहे, तुम्ही मला शिकवू नका. चार वाजले की जाऊन तोच लावतात. पाच-सहा वेळा लावतात, मग आम्ही उठवून आणतो."

"जरा फोनवर बोलावता का तिला?"

"तीन जिने आहेत हो. आणि बोलावलं तर म्हणतात, मला येणारे फोन घ्यायचे नाहीत, माझी लाइन अडकेल, तिकडचीला लागणार नाही."

सोळाव्या दिवशी आत्यांनी इस्त्रीची साडी नेसली. "येतेस का?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

दोन बस बदलून पोहोचलो तेव्हा चारला दहा कमी होते. व्हरांड्यात फिनाइलचा वास होता आणि भिंतीला कमरेच्या उंचीवर हात घासून पडलेला काळा पट्टा. त्या पट्ट्याच्या टोकाला फोन. तिकडची आधीच येऊन बसली होती. बारकी, पाठ ताठ, केस विंचरलेले. रिसीव्हर तिनं कानाला नाही तर कानामागून धरला होता, जुन्या हेडफोनचा दांडा असायचा तसा. बोटं बटणांवरून न अडखळता गेली. मला इथवर ऐकू आलं, आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही. तिनं शांतपणे फोन ठेवला आणि पुन्हा लावला.

आत्या तिच्यासमोर जाऊन खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसल्या. "तिकडचे," त्या म्हणाल्या. "अगं, मी आलेय."

तिनं मान आवाजाकडे वळवली. चेहऱ्यावर काही हललं, आणि मग विझलं. "कोण बाई तुम्ही?"

"मी. तुझी तिकडची. सात नंबर."

"थट्टा करू नका हो म्हाताऱ्या माणसाची. तिकडची इथं कशी असेल? ती तिकडे असते."

आत्यांनी तिचा हात धरला. तिनं तो सभ्यपणे सोडवून घेतला, अनोळखी बायकांकडून सोडवतात तसा. तिनं पुन्हा नंबर लावला. तोच आवाज. या वेळी ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, दोनदा, तीनदा, जणू ते यंत्र मध्येच थांबून वेगळं काही बोलेल.

"लाइन काढलीय," ती म्हणाली. आम्हाला नाही, समोरच्या हवेला. "किती दिवस झाले, तेच सांगतायत."

"चूक झाली गं," आत्या म्हणाल्या. "घरात चूक झाली."

"चूक नाही हो बाई. तुम्ही ओळखत नाही तिला. ती न विचारता कधी दोरी ओढायची नाही. एवढ्या वर्षांत एकदा नाही ओढली. तीनदा विचारणार, मग काढणार." तिनं रिसीव्हर कानावरून खाली घेतला. "म्हणजे गेली असणार ती. दुसरं काय? असती तर विचारलं असतं."

आणि तिनं रिसीव्हर मांडीवर ठेवून हात जोडले. ओठ हलत होते. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई दुसरीच्या तोंडासमोर, तिच्याच आत्म्याला शांती दे म्हणून देवाला विनवत होती, आणि ती दुसरी तशीच जमिनीवर बसून ऐकत होती. मला वाटलं आत्या आता ओरडतील, तिला गदागदा हलवतील. मी पुढंही झाले. आत्यांनी मला हातानंच थांबवलं.

प्रार्थना संपली तशी आत्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या. तिच्या मांडीवरचा रिसीव्हर उचलला. त्यातून अजून तो आवाज येत होता. आत्यांनी तो आपल्या तोंडाजवळ धरला, मान किंचित तिरकी केली, आणि मी कधीच न ऐकलेल्या, सरळ, कोरड्या, कामाच्या आवाजात विचारलं,

"बोलणं झालं का?"

तिकडची दचकली. पाठ आणखी ताठ झाली.

"बोलणं झालं का?"

व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवली.

"बोलणं झालं का?"

"झालं," ती म्हणाली. "काढा."

आत्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

परतीच्या पहिल्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. वही मांडीवर होती, पण ती त्यांनी उघडली नाही. अर्ध्या वाटेत माझ्या पर्समध्ये फोन वाजला. पडद्यावर नवऱ्याचं नाव. आजूबाजूला शेतं नि पत्र्याच्या शेड, वस्ती अशी नव्हतीच, आणि तरी आवाज असा आला, जणू तो शेजारच्या सीटवर बसलाय.

"पोहोचलात का? काय म्हणतायत तिकडच्या बाई?"

मी आत्यांकडे बघितलं. त्या बाहेर बघत होत्या.

"बरं, ते जाऊ दे," तो म्हणाला. "इतक्या लांब नेटवर्क कसं आहे, तेवढं सांग. अडकत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "एकदम स्पष्ट ऐकू येतंय."